शुक्रवारचे दोन पेले

मी किबुबू बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण दाराबाहेर कोण उभं असेल याचा मला कधीच भरवसा वाटत नाही. तुम्ही ज्याला गल्ला म्हणता तोच मी, फक्त लाकडाचा आणि सगळ्या बाजूंनी खिळे ठोकून बंद केलेला. मला कुलूप नाही, दार नाही. वरच्या फळीत बोटभर लांबीची एक फट आहे. तेच माझं तोंड, आणि तोच माझा डोळा.

टांगा नावाच्या बंदराच्या शहरात, न्गामियानी बाजाराच्या मागे एका सुताराने मला बनवलं. आंब्याच्या फळ्या होत्या, कुठल्याशा मोडक्या पेटीतून उरलेल्या. शेवटचा खिळा ठोकताना तो शेजारच्या चांभाराला म्हणाला, "फट आणखी बारीक ठेवली असती, पण मग गिऱ्हाईक कुरकुरतं, घडी केलेली नोट जात नाही म्हणून." चांभार म्हणाला, "जिथून जाते तिथून निघतेही." दोघे हसले. जन्मल्याबरोबर माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं बोलणं. माझा स्वभाव असा का, हे मग वेगळं सांगायला नको.

मला विकत घेतलं झुवेनाने. तिने मला उलटं केलं, हलवलं, एकेक खिळा नखाने उचकटतो का ते पाहिलं. मग फटीत करंगळी घातली.

"माझी करंगळी जाते आत," ती म्हणाली.

"बाई, करंगळीने कधी नोट निघते का?"

"तुमच्या करंगळीने नसेल निघत. माझ्या घरच्यांची बोटं तुम्ही पाहिली नाहीत."

ते ऐकलं आणि ही बाई मला आवडली.

भाड्याच्या दोन खोल्या होत्या. झुवेना पहाटेपासून दारात कढई ठेवून मंदाझी, म्हणजे गोडसर फुगीर पुऱ्या, तळायची, सोबत नारळाच्या दुधातली उसळ विकायची. तिचा नवरा सेफू बंदरावर होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वरून राळ भरायची, हे त्याचं काम. बोटं कायम चिकट, काळी. तिसरी होती सेफूची आई, म्हातारी मीझे. ती पेम्बा बेटावरची. नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आलेली.

आणि एक घर होतं, जे अजून घर नव्हतं. शहराबाहेर कांगे भागात या नवराबायकोने जमिनीचा तुकडा घेऊन भिंती उभ्या केल्या होत्या. छपराला पैसे उरले नाहीत. दोन पावसाळे त्या भिंतींनी उघड्यावर काढले. झोपायच्या खोलीत गुडघाभर गवत, स्वयंपाकघरात पपईचं झाड, तेही फळाला आलेलं. गवंड्याने बजावून ठेवलं होतं, तिसरा मोठा पाऊस निभेल, चौथा मागची भिंत सोसणार नाही. त्याआधी पत्रे पडले पाहिजेत. त्या पत्र्यांसाठी मी होतो.

झुवेनाने मला पिठाच्या पोत्यात गुंडाळलं आणि पलंगाखाली, कोळशाच्या गोणीमागे सरकवलं. तिथून मला पलंगाच्या फळ्यांशिवाय काही दिसायचं नाही. ऐकू मात्र सगळं यायचं, आणि ऐकून माणूस जास्त संशयी होतो.

तिची काटकसर मी ऐकली आहे. चहात साखर अर्धी. ईदला नवा कांगा नाही, जुनाच निळीत बुडवून अंगाला गुंडाळायचा. बहिणीकडे लग्न होतं, तर पोट दुखतंय असा निरोप. सेफू मात्र दुसऱ्या मातीचा. संध्याकाळी बंदरावर कॉफी, सोंगट्यांचा डाव, आणि हातात पैसा आला की भाजलेल्या ऑक्टोपसचे तिखट तुकडे कागदात बांधून घरी.

"हे किती पडले?" झुवेना विचारायची.

"खाऊन तर बघ आधी."

"मी विचारते किती पडले."

"अगं, छपराखाली राहायला माणसंही जिवंत उरली पाहिजेत ना."

ती तुकडे खायची नाही. म्हातारी खायची, सावकाश, बोटं चाटत. माझ्या वाऱ्याला मात्र ती उभी राहायची नाही. सून कधी म्हणाली, "आई, ही नोट टाका जरा आत," तर म्हणायची, "या खोक्यांशी माझं जमत नाही. तूच टाक." त्यामुळे तिच्यावर माझा कधी संशय गेला नाही. माझा संशय होता सेफूवर. त्याच्या खालोखाल मीठ मागायला येणाऱ्या शेजारणीवर, आणि थोडासा घरमालकावरही.

मग एका शुक्रवारी दुपारी ते घडलं. पुरुषमंडळी मशिदीत होती, झुवेना पीठ आणायला बाजारात गेली होती. कोणीतरी मला पोत्यासकट पुढे ओढलं. फटीवर सावली आली आणि आत एक बारीक काडी उतरली. टोकाला काहीतरी चिकट होतं. काडी नोटांवर अलगद टेकली, थोडी थांबली आणि दोन हजार शिलिंगांची एक नोट घेऊन वर गेली. फटीतून खोबरेल तेलाचा वास आला. खोबरेल तर सगळा मोहल्ला लावतो. मला गिळता येतं, चावता येत नाही. मी काय करणार होतो?

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. दर वेळी एकच नोट, दोन हजारांची. इतका नेमस्त चोर मी ऐकलाही नव्हता, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटायची. हावरट चोर पकडला जातो. हा काही घाईत नव्हता.

रमझानचा महिना तेवढा सुना गेला. नंतर पुन्हा सुरू.

चोरी उघडी पडली ती एका फाटक्या कोपऱ्याने. काडी ओढताना एकदा नोट फटीच्या कडेला अडकली आणि तिचा कोपरा तिथंच राहिला. संध्याकाळी झुवेनाने बॅटरी लावून आत पाहिलं. कोपरा चिमटीत धरला तर तो तिच्या बोटांना चिकटून बसला, सुटेना.

सेफू घरी आला तेव्हा ती पलंगावर बसली होती. मी तिच्या मांडीवर.

"हात दाखव," ती म्हणाली.

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

त्याने दाखवले असावेत.

"हे काय चिकटलंय?"

"राळ आहे. वीस वर्षं माझ्या हातांना राळच असते, झुवेना. लग्नातही होती."

"आणि हे?" तिने तो कोपरा पुढे केला.

दारात म्हातारी तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज तेवढा थांबला.

"तू माझी झडती घेतेयस," सेफू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी खर्चिक आहे, मान्य. पण जे खाल्लं ते तुझ्यासमोर, कागद उलगडून खाल्लं. चोरून काय खाल्लं?"

"मग नोटांना पाय फुटले?"

"ते तुझ्या खोक्याला विचार."

खरं सांगायचं तर मला विचारलं असतं, तर मीही त्याचंच नाव घेतलं असतं. चिकट काडी आणि चिकट बोटं, आणखी कसला पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी सेफूने हत्यारांची पिशवी उचलली आणि पांगानीला निघून गेला. तिथं एक मोठी होडी दुरुस्तीला होती. जाताना आईचा निरोप घेतला, बायकोशी बोलला नाही.

त्यानंतर तीन शुक्रवार काडी आली नाही.

"पाहिलंत ना आई," झुवेना म्हणाली. तिचा आवाज जड होता, त्यात विजय वगैरे काही नव्हता. "माणूस गेला आणि चोरी थांबली."

"चहा टाक," म्हातारी म्हणाली.

चौथ्या शुक्रवारी काडी आली.

ती आत उतरताना माझ्या फळ्या शहारल्या. सेफू तर पांगानीत होता. म्हणजे आम्ही दोघांनी, झुवेनाने आणि मी, एका निर्दोष माणसाला घराबाहेर काढलं होतं. काडी वर गेली. या खेपेला नोट दोनदा निसटली.

पण त्या नोटेवर खूण होती. कोपरा सापडल्यापासून झुवेना मला भरवताना प्रत्येक नोटेच्या कडेला काडेपेटीच्या काडीने निळीचा ठिपका द्यायची. चोर सापडला असं वाटल्यावरही तिने ते सोडलं नाही. संशय एकदा हाताला लागला की सुटत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

सोमवारी सकाळी हमादी नावाचा रसवाला तिच्याकडे मंदाझी खायला आला. बंदराजवळच्या बागेत त्याची उसाच्या रसाची गाडी. त्याने पैसे दिले ती नोट झुवेनाने उजेडाकडे धरली. कडेला निळा ठिपका.

"ही कुठून आली तुझ्याकडे? सेफू आला होता?"

"सेफूभाऊ? ते तर पांगानीला आहेत ना? मला काय ठाऊक, वहिनी, दिवसभरात किती नोटा येतात." मग तो जरा थांबला. "दोन हजाराची म्हणजे त्या आजींची असेल. दर शुक्रवारी येतात. दोन पेले रस घेतात, आलं-लिंबू घालून, आणि शेजारच्या गाडीवरून चार तुकडे ऑक्टोपस. एक पेला पितात, दुसरा बाकावर शेजारी ठेवतात. मला वाटायचं कोणी येणार असेल. कोणी येत नाही. मग तोही पितात आणि जातात."

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर खोलीत जे बोलणं झालं त्यावरून सांगतो. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी झुवेना बाजाराला म्हणून निघाली आणि बागेत जाऊन झाडाआड उभी राहिली. म्हातारी आली. दोन पेले घेतले, समुद्राकडे तोंड करून बाकावर बसली. झुवेना तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. म्हातारी दचकली नाही म्हणे. शेजारचा पेला तिने उचलून मांडीवर घेतला, जागा केली आणि म्हणाली, "बस. उन्हात उभी राहू नकोस."

झुवेना बसली नाही. दोघी घरी आल्या. तिने मला ओढून काढलं आणि पलंगावर दोघींच्या मध्ये आपटलं.

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल. रमझान सोडून."

"साडेतीन पत्रे," झुवेना म्हणाली. तिचा हिशेब आधीच झालेला होता. "साडेतीन पत्रे प्यायलात तुम्ही, आई. आणि चिकट काय होतं ते?"

"फणसाचा चीक. लहानपणी आम्ही त्याने पाखरं धरायचो."

"माझ्याकडे मागितले असते तर?"

"दिले असतेस?"

झुवेनाने माझ्या फटीवरून बोट फिरवलं.

मग म्हातारी बोलली. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "सेफूचा बाप असाच एक खोका भरायचा. वीस वर्षं. आमच्या गावाच्या धक्क्यावर रसाची गाडी होती. मी म्हणायची, चला, एकदा जाऊन बसू. तो म्हणायचा, घर होऊ दे, मग रोज बसू. घर झालं. नव्या छपराखाली तो अकरा दिवस होता, सगळे आजारपणात, वर बघत. मग त्याच्या भावांनी ते विकलं. तेव्हापासून मी त्याचाही पेला घेते. त्याच्या वाटचा मीच पिते, वाया घालवत नाही."

"तुमचा नवरा अकरा दिवस तरी स्वतःच्या छपराखाली होता," झुवेना म्हणाली. "माझा बाप हाताचा मोकळा. आलं की खाल्लं, आलं की वाटलं. आई आजारी पडली तेव्हा गाडीभाड्याला घरात एक शिलिंग नव्हता. मी नऊ वर्षांची, दारोदार हात पसरत होते. आई गेली ती परक्याच्या ओसरीवर. तुम्ही मला सांगू नका, आई, खोका काय असतो ते."

दोघीही खोटं बोलत नव्हत्या. मी शोधून पाहिलं, मला कोणाच्या बोलण्यात खोट सापडली नाही. माझ्यासारख्याला अशा वेळी फार अवघडल्यासारखं होतं.

"पैशाचं जाऊ दे," झुवेना म्हणाली. "त्याला चोर ठरवलं मी. तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही तांदूळ पाखडत बसलात. पोटचा पोरगा आहे तो."

म्हातारी म्हणाली, "ते माझं चुकलं. भीती वाटली."

"माझी?"

"शुक्रवार जाईल याची."

झुवेना उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ती काडी कुठाय?"

म्हातारीने ती छपराच्या वळचणीतून काढून दिली. सेफूकडे जायला पांगानीच्या बसच्या तिकिटापुरते पैसे घरात नव्हते. सगळे माझ्या पोटात. झुवेनाने काडी फटीत घातली, पण तिला जमेना. तिने नोटा नुसत्या ढोसल्या.

"दाबू नकोस गं. टेकव नुसती. आता थांब. श्वास घे. हं, आता उचल."

"आली."

"सराव हवा," म्हातारी म्हणाली.

आणि झुवेना हसली. तिला हसू आवरेना, मग तिला रडू आलं, आणि सासूने खोबरेलाच्या हाताने तिच्या बोटांवरचा चीक पुसून काढला. माझी लूट चालली होती, भर दुपारी, मालकिणीच्या हातून. माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

पांगानीत सेफूने बायकोला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला म्हणे, "तिकिटाचे पैसे कुठून आणलेस?" तिने सगळं सांगितलं, माफीही मागितली. तो हसला नाही. "आईने घेतले आणि शिक्षा मला," एवढंच म्हणाला. होडीचं काम संपवूनच येईन म्हणाला आणि खरोखरच बारा दिवसांनी आला. आल्यावरही दोन दिवस आईशी बोलला नाही, आणि दोन महिने त्याने माझ्यात काही टाकलं नाही. कमाई खिशातच ठेवायचा. झुवेनाने एकदाही विचारलं नाही, किती. तिला ते फार जड गेलं असणार, कारण रोज रात्री जेवताना ती 'कि' म्हणून थांबायची आणि पुढे "किती ऊन होतं आज" असं काहीतरी म्हणायची.

त्या चौथ्या पावसाच्या तोंडावर माझे खिळे काढले. पैसे दोन खोल्यांपुरते भरले. तिसरी राहिली. म्हातारीने आपले चांदीचे वाळे पुढे केले, "माझे साडेतीन पत्रे घे." झुवेनाने ते तिच्या हातात परत कोंबले. मागची भिंत वाचली. दोन खोल्यांवर पत्रे पडले आणि ही माणसं तिथं राहायला गेली. स्वयंपाक अजून उघड्यावर, पपईच्या झाडाखाली होतो. पाऊस आला की चूल उचलून आत पळतात.

मला सेफूने पुन्हा ठोकलं. पण या खेपेला त्याने माझ्या एका बाजूला लहानसं दार बसवलं, होडीच्या पितळी बिजागरीचं. किल्ली समोरच खिळ्याला टांगलेली, सगळ्यांना दिसेल अशी. आठवड्याला मंदाझीच्या पैशांतले तीन हजार त्या दारातून बाहेर जातात. ते शुक्रवारचे. बाकीचे तिसऱ्या खोलीचे. झुवेना पहिल्यांदा बागेत गेली तेव्हा पेला हातात धरून तिने हमादीला विचारलं म्हणे, एका उसाचे किती पेले निघतात. आता विचारत नाही.

मला हे पटलंय का? अजून नाही. दार असलेला किबुबू म्हणजे दात पडलेला राखणदार कुत्रा. तिसऱ्या खोलीचे पत्रे यायला त्यामुळे वर्षभर उशीर होणार, हे मला ठाऊक आहे. पण पलंगाखालचा अंधार गेला. आता मी फळीवर आडवा असतो, फट खोलीकडे, आणि मला माणसांचे नुसते आवाजच नाही तर चेहरेही दिसतात.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर माझं एवढं ऐका. त्याला भरता ते चांगलंच. पण तो कशासाठी भरताय आणि कधी उघडणार, ते घरातल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगा, त्यालाही सांगा. आम्हाला कोणी काही सांगत नाही, म्हणून आम्ही एकेकाच्या बोटांकडे बघत बसतो.

आज शुक्रवार. म्हातारीचे गुडघे आता चालत नाहीत, तेव्हा सेफूने तिला सायकलच्या मागे बसवलं आहे. दोघं रस्त्याला लागले. झुवेना दारातून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी चूल विझली का बघून येते."

चुलीकडे ती गेलीच नाही. माझ्यापाशी आली. शुक्रवारचे पैसे तर सकाळीच काढले होते. तरी तिने खिळ्यावरची किल्ली घेतली, दाराकडे एकदा पाहिलं, आणि पाचशेचं एक नाणं काढून कांग्याच्या टोकाला गाठ मारली. वाट्याबाहेरचे पाचशे. माझं दार लावताना ती माझ्या फटीकडे बघून म्हणाली, "कोणाला सांगू नकोस."

मी सांगणार नाही. पण ती परत आली की तिच्या बोटांना ऑक्टोपसच्या तिखटाचा वास येतो का, तेवढं मी बघणार आहे.